डांबर सोडायचं कधी

रस्त्याच्या नोकरीत होतो असं सांगितलं, की लोक विचारतात, "कुठला रस्ता बांधलात?" मी एकही बांधला नाही. जो होता तो राखला. त्यातही माझा बहुतेक जीव रस्त्यावर नाही, रस्त्याच्या कडेवर गेला. डांबराच्या दोन्ही बाजूंना मुरमाची एक पट्टी असते, तिला आम्ही साइडपट्टी म्हणायचो. आजच्या माणसाला ती दिसत नाही. दिसलीच तर भेळेची गाडी लावायची जागा म्हणून दिसते.

पन्नास सालानंतर दोन-चार वर्षांनी मी ओव्हरसियर म्हणून भोसरीला हजर झालो, तेव्हा भोसरी हे पैलवानांचं आणि ज्वारीचं गाव होतं. कारखान्यांचा पत्ता नव्हता. मी रत्नागिरीकडचा. तांबड्या मातीत वाढलेला. इथली काळी माती पहिल्या पावसाळ्यात बुटाला अशी चिकटली, की दोन्ही बूट तिथेच ठेवून मला घरी यावं लागलं. भोसरीपासून खेडपर्यंतचा, म्हणजे आताच्या राजगुरुनगरपर्यंतचा, नाशिककडे जाणारा रस्ता माझ्याकडे होता.

त्या रस्त्यावर डांबर होतं बारा फूट. दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांची साइडपट्टी. बारा फुटांतून एक ट्रक गेला की कडेला हात-दीड हात उरतो. समोरून दुसरी गाडी आली, की दोघांनीही डावी चाकं मुरमावर उतरवायची, उजवी डांबरावर ठेवायची आणि एकमेकांच्या अंगावरून वारा घेत निघून जायचं. ऐकायला सोपं आहे. पण डांबर आणि मुरूम यांच्यात कुठे दोन बोटांची पायरी असते, कुठे वीतभर. वेगात उतरलात तर गाडी पायरीला अडखळते आणि परत डांबरावर चढताना भलतीकडे उडी घेते. म्हणून आधी वेग मारायचा, मग उतरायचं. चढ असेल तर खाली येणाऱ्यानं उतरायचं, चढणाऱ्या भरल्या गाडीला डांबर द्यायचं. पुढच्याला मागे टाकण्यासाठी मात्र पट्टीवर कधीच जायचं नाही. गाडी बंद पडली तर चारही चाकं खाली घ्यायची, चाकामागे दगड लावायचे, आणि निघताना ते दगड उचलून चरापलीकडे टाकायचे. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं डांबर कापलं जातं, म्हणून बैलगाड्यांनी कोरड्या दिवसांत पट्टीवरूनच चालायचं. आणि पावसात, काळ्या मातीच्या भरावावर, आधी खाली उतरून पायानं बघायचं, मगच चाक घालायचं.

यातलं थोडं कुठेतरी छापलेलं होतं. उरलेलं ड्रायव्हर एकमेकांना शिकवत. आणि मोडत सगळेच.

एकदा कुरुळीजवळ मला तातडीनं बोलावणं आलं. जाऊन बघतो तर गुळाच्या ढेपा भरलेला एक ट्रक आणि मुंबईची एक लांबलचक पांढरी मोटार नाकाला नाक लावून उभ्या. दोघांमागे रांगा. बैलगाड्या तेवढ्या पट्टीवरून निवांत चाललेल्या, आणि गाडीवान जाताना दोघांकडे बघून हसत होते.

"मी टॅक्स भरतो, तो डांबराचा," मोटारीचे मालक मला म्हणाले. "धुळीत उतरायला नाही."

"मंग म्या काय फुकाट चालवतोय व्हय?" ट्रकवाला म्हणाला. "ह्यांनी चाक खाली घातल्याबिगर मी हालत न्हाई. सांज झाली तरी बेहत्तर."

दोघं सकाळपासून तिथे होते. मी टेप काढला, दोघांच्या देखत डांबर मोजलं आणि बरोब्बर सहा फुटांवर चुन्याची रेघ ओढली. म्हटलं, "हे तुमचं, हे यांचं. मी शिट्टी वाजवतो. दोघांनी एकाच वेळी उतरायचं, आधी कुणीच नाही." शिट्टी वाजली. दोघंही एका क्षणी उतरले. जाताना मोटारीच्या मालकांनी मला टोपी काढून नमस्कार केला. ती रेघ पाऊस येईपर्यंत तिथे होती.

दगडांची गोष्ट हसण्यासारखी नाही. चिंबळीच्या उतारावर कुणीतरी ट्रक दुरुस्त करून निघून गेला आणि दोन दगड तसेच ठेवून गेला. खेडच्या शाळेचे एक मास्तर सायकलवरून येत होते. त्यांचा पाय गुडघ्यात मोडला तो कायमचा. मी त्याच सकाळी तिथून गेलो होतो. दगड मला दिसले होते. परत येताना उचलायला सांगू, असं म्हणून मी पुढे गेलो होतो.

हे सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून. मला खरी सांगायची आहे ती ट्रान्सफॉर्मरच्या दोन दिवसांची हकिगत.

चाकणला विजेचं केंद्र उभं राहणार होतं. त्यासाठी एक मोठा ट्रान्सफॉर्मर परदेशातून बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं खडकीला आला. खडकीपासून चाकणपर्यंत तो रस्त्यानं न्यायचा होता. मोरपंखी रंगाचा, खोलीएवढा, आत तांबं आणि लोखंड ठासून भरलेला. वजन तीस टनांच्या पुढे. सोळा चाकांच्या ट्रेलरवर तो बसवला आणि पुढे लढाईतून उरलेला एक लष्करी ट्रॅक्टर जोडला. ट्रेलरची रुंदी साडेनऊ फूट. माझं डांबर बारा फूट.

वरून विचारणा झाली, की हे धूड तुमच्या रस्त्यावरून कसं जाईल? मी आठवडाभर हिशेब मांडला आणि लिहून दिलं: ट्रेलरनं डांबराच्या मधोमध चालावं, कोणत्याही परिस्थितीत साइडपट्टीवर चाक घालू नये, इतर सर्व वाहनांनी पट्टीवर उतरून त्याला वाट द्यावी. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता, पट्ट्या ओल्या होत्या. आमचे डेप्युटी इंजिनियर करंदीकर साहेब विलायतेत शिकून आलेले, कमी बोलणारे. त्यांनी कागद वाचला, 'कोणत्याही परिस्थितीत' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि सही केली.

ट्रॅक्टरवर होते इब्राहीमचाचा. खेडचेच. वय पन्नाशीचं, मेंदी लावलेली दाढी. लढाईत त्यांनी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर चिखलातून तोफा ओढल्या होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी माझा हुकूम वाचून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ठीक है साहब. डांबर नहीं छोडूंगा."

पहिल्या दिवशी खडकीहून भोसरी गाठली. माणूस चालतो त्याहूनही सावकाश. पुढे लाल निशाण घेतलेला माणूस, मागे आम्ही, आणि समोरून येणारं सगळं जग पट्टीवर उतरून उभं. बस, ट्रक, मेंढरांचे कळप, लग्नाचं एक वऱ्हाड. मोठ्या आवाजात कुणीच बोलत नव्हतं. बसमधले लोक खाली उतरून टोप्या काढत होते. मी पुष्कळ वर्षं रस्त्यावर काढली, पण एका यंत्रासाठी रस्ता असा गप्प झालेला पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मोशी मागे टाकली, इंद्रायणीचा पूल ओलांडला. पुलाची काळजी वरच्या लोकांनी आधीच केली होती. पलीकडे बायका हळदी-कुंकवाची ताटं घेऊन उभ्या. एकीनं तर ट्रेलरच्या चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं.

पुलापासून पुढचे दोन मैल धोंडिबाच्या ताब्यात होते. धोंडिबा आमचा मैलकुली. म्हणजे सरकारनं दर मैल-दोन मैलांवर एक माणूस नेमलेला असे. खड्डे बुजवायचे, चर मोकळे ठेवायचे, पट्टीची पायरी मुरूम टाकून भरायची, ही त्याची कामं. हा मोशीचाच, साठीला आलेला, काटकीसारखा. त्याचा बापही याच रस्त्यावर कुली होता. दोघांचं मिळून त्या दोन मैलांवर चाळीसएक वर्षं झाली असतील. मी पंचविशीतला, आणि त्याला अरे-तुरे करायचो. तशी रीतच होती.

निशाण आता धोंडिबाच्या हातात होतं. तो ट्रेलरपुढे पन्नास पावलं चालत होता, अनवाणी. त्यानं विचारलं होतं, "सायेब, ह्यात वीज भरून आणलीया काय?" मी म्हटलं होतं, "नाही रे. वीज तारेतून येणार. हा फक्त तिला माणसात आणणार." त्याला ते फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, "ह्यो इजंला माणसात आननार हाय."

नदीपासून अर्ध्या मैलावर रस्ता भरावावर चढतो. दोन्ही बाजूंना पुरुष-दीड पुरुष खोल वावरं. भरावाच्या मध्यावर एक जुनी दगडी मोरी. म्हणजे इकडच्या वावरातलं पाणी रस्त्याच्या पोटातून तिकडे जायची वाट. तिथे पोचला आणि धोंडिबा थांबला. दोन पावलं मागे आला. उजव्या टाचेनं डांबरावर ठोका दिला. बाजूला सरकून पुन्हा दिला. मग निशाण आडवं धरलं.

इब्राहीमचाचांनी ट्रॅक्टर उभा केला. मी धावत पुढे गेलो.

"काय झालं?"

"सायेब, हितनं न्यायचं न्हाई. पोटात काय न्हाई हितं. पोकळ हाय."

डांबर गुळगुळीत होतं. एक तडा नाही, खळगा नाही. मी बूट आपटून पाहिले. सगळीकडे सारखाच आवाज. मोरीचं तोंड बघायला खाली उतरलो, तर ते गाळानं आणि निरगुडीच्या मुळांनी बुजलेलं. काही दिसेना. मग पहार आणवली. डांबर फुटलं, खाली सोलिंगचे, म्हणजे रस्त्याच्या पायाचे, मोठे दगड लागले, आणि पहार ठणकून परत आली.

"बघ," मी म्हटलं. "घट्ट आहे."

"दगूड वाजतोय, सायेब. दगडाच्या खालचं बोलतोय मी. पाणी मोरीतनं जाईना म्हनून तिच्या अंगानं वाट काढतंय. उजव्या अंगाची समदी माती खाल्लीया त्यानं."

"मग न्यायचं कुठून?"

त्यानं डावीकडे बोट केलं. साइडपट्टीकडे. "हिच्याखाली खडक हाय. माझ्या बापानं सुरुंग लावून तासलाय त्यो. डावी चाकं पट्टीवर घाला, उजवी डांबराच्या डाव्या कडंला. तीस पावलं. मंग परत मधी या."

मी वर पाहिलं. पश्चिमेला देहूच्या बाजूनं ढग भरून येत होते. पाऊस आला तर पट्टीवर जाणं संपलंच, आणि भरावावर तीस टन घेऊन आम्ही किती दिवस उभे राहणार? सोलिंग उखडून बघावं तर रस्ताच तुटेल, पुढे जाता येणार नाही. माघारी वळवायला जागा नाही. चाचांच्या खिशात माझ्याच हातचा हुकूम. कोणत्याही परिस्थितीत. लाल रेघ.

त्या पट्टीची मला खरी भीती वाटत होती. वरचा मुरूम ओला होता. खाली खडक असेल, पण तो बाहेरच्या कडेपर्यंत आहे की अलीकडेच संपतो, हे कुणी पाहिलं होतं? कड सुटली तर ट्रेलर, ट्रॅक्टर, चाचा आणि ट्रेलरवर उभे असलेले सहा मजूर खालच्या वावरात जाणार होते. आणि डांबरावरून नेलं आणि म्हातारा खरा निघाला, तरी तेच.

इब्राहीमचाचा खाली उतरून आले होते. सगळं ऐकून त्यांनी धोंडिबाला एवढंच विचारलं, "बाबा, पक्का?"

"व्हय."

चाचा माझ्याकडे वळले. "साहब, तुम्ही सांगाल तसं."

मी खिशातला पेन काढला. म्हटलं, "मी तुम्हाला लिहून देतो. डांबर सोडायची परवानगी."

"कागज नको," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कागज देखूं या चाक देखूं? तुम्ही बाबाबरोबर पट्टीवर पुढं उभे राहा. दोघं चाला. मी तुमच्या मागनं येतो."

एका क्षणात माझी सगळी विद्या माझ्या दोन पायांत आली. मी धोंडिबाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीतीही नव्हती आणि आर्जवही नव्हतं. वावरातलं पाणी कुठे साचतं हे शेतकरी सांगतो, तसं त्यानं सांगितलं होतं. मी पेन परत खिशाला लावला आणि पट्टीवर उतरलो.

सहाही मजुरांना चाचांनी खाली उतरवलं. धोंडिबा पुढे, ट्रॅक्टरकडे तोंड करून, उलटा चालू लागला. त्याच्या शेजारी मी, तसाच उलटा. ट्रॅक्टरची डावी चाकं डांबराच्या कडेवरून खाली आली, इतकी हळू, की उतरताना पायरी होती असं वाटलंच नाही. मग ट्रेलरचं पहिलं चाक. दुसरं. मुरमातून पाणी पिळून बाहेर येत होतं आणि चाकांच्या बाजूनं ओघळत होतं. धोंडिबा उजव्या हाताचं एकच बोट हलवायचा, जरासं इकडे, जरासं तिकडे, आणि ते अजस्र धूड त्या बोटामागून यायचं. चाचांची नजर त्या बोटावरून एकदाही ढळली नाही. धोंडिबाचा पाय जिथून उचलला जायचा, तिथेच चाक यायचं. एक वीत इकडे नाही, एक वीत तिकडे नाही.

मध्यावर आलो तेव्हा पट्टीच्या बाहेरच्या कडेला दोऱ्यासारखी एक चीर पडली आणि ती माझ्या देखत चाकाबरोबर पुढे सरकू लागली. धोंडिबानं ती पाहिली. "वरचा मुरूम हाय त्यो," तो हळूच मला म्हणाला. "खडक हालत न्हाई. तुमी चला." आणि बोट तसंच स्थिर.

भरावावर शंभरभर माणसं असतील. सगळ्यांचे डोळे त्या बोटावर होते. मोरपंखी ट्रान्सफॉर्मर वावराच्या बाजूला जरा कलला होता. त्याच्या अंगावर ढगांतून आलेलं ऊन पडलं होतं. मी देवळात पुष्कळ वेळा हात जोडले आहेत. पण माणसाच्या पायाला जमिनीचं इतकं कळतं, आणि दुसऱ्या माणसाच्या हाताला त्या पायाचं इतकं कळतं, हे बघून जे वाटलं, ते मला देवळात कधी वाटलं नाही.

तीस पावलं झाली. शेवटचं चाक डांबरावर चढलं. चाचांनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, धोंडिबाचे दोन्ही हात हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावले. मग परत वर चढून निघून गेले. संध्याकाळच्या आत ट्रान्सफॉर्मर चाकणला पोचला.

मी मागे राहिलो. चार माणसं लावून मोरीवरचं सोलिंग उचलायला सांगितलं. पहिला दगड निसटवला, तो वर आलाच नाही. खाली गेला. क्षणभरानं पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोक मोठं करून मी आत उतरलो. आत वाकून उभा राहता येत होतं. पायाखाली गार पाणी, बाजूला मोरीची उघडी पडलेली भिंत, आणि डोक्यावर, हाताच्या अंतरावर, एकमेकांना टेकून अडकलेले दगड आणि त्यांच्यावर चार बोटं डांबर. एवढंच. त्याच्यावरून रोज बस जात होती. त्याच्यावरून मी तीस टन न्यायचा हुकूम काढला होता. पट्टीवरून एक बैलगाडी गेली. तिचा खडखडाट मला खडकातून ऐकू आला, खणखणीत, आणि माझ्या डोक्यावरची माती भुरभुरली. मी कितीतरी वेळ तिथे बसून राहिलो. वरून माणसं हाका मारत होती.

दुपारी करंदीकर साहेब जीपनं आले. भोकात डोकावले आणि म्हणाले, "कुणाच्या लक्षात आलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत धोंडिबा बोलला. "वरसेर सायबांच्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास, सावंत," आणि जीप चाकणकडे गेली.

जीप दिसेनाशी झाल्यावर मी धोंडिबाला म्हटलं, "खोटं का बोललात?" त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून त्याला तुम्ही म्हटलं गेलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"खोटं कुटं? मी सांगितलं, तुमी ऐकलं. मी ह्या मोरीचं तिगा सायबांना सांगितलंय आजपातुर. ऐकलं कुनीच न्हाई." तो घमेलं उचलता उचलता म्हणाला, "तुमालाबी सांगितलं व्हतं की, आखाडात. तवा न्हाई ऐकलं. काल ऐकलं. लई झालं."

मला काही आठवेना. खोलीवर येऊन मी रोजकामाची डायरी काढली आणि आषाढाची पानं उलटली. सापडलं. माझंच अक्षर. 'इंद्रायणीपुढील मोरी. मैलकुलीची तक्रार. विशेष काही नाही.'

सकाळी मी ती डायरी घेऊन चाकणच्या डाक बंगल्यावर गेलो. साहेब चहा घेत होते. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि आदल्या दिवशी जे बोललो नव्हतो, ते सगळं सांगितलं. सोबत 'कोणत्याही परिस्थितीत'चा हुकूम मीच मोडला, हेही. साहेबांनी पान वाचलं. रागावतील, बदली करतील, असं मी धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "त्याला बोलावून घ्या. भोसरीपासून खेडपर्यंतच्या सगळ्या मोऱ्या मला त्याच्याकडून बघायच्या आहेत."

जीप आणली. धोंडिबा तिच्यात चढेना. म्हणाला, "मोटारीतनं काय कळनार, सायेब?" साहेबांनी जीपच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मीही सोडल्या. चार दिवस आम्ही चाललो. पुढे धोंडिबा, मागे विलायतेत शिकलेले करंदीकर साहेब पँट दुमडून, त्यांच्यामागे मी, आणि सगळ्यांत मागे मजूर आणि रिकामी जीप. येणारे ड्रायव्हर आम्हाला बघून वेग मारायचे, पट्टीवर उतरायचे आणि माना वळवून बघत राहायचे. साहेब प्रत्येक मोरीवर टाच आपटून बघत आणि मान हलवत. त्यांना काही कळत नव्हतं. मलाही नाही.

धोंडिबानं तीन जागा दाखवल्या. पहिली कुरुळीच्या अलीकडे; उखडली, पोकळ निघाली. दुसरी चाकणच्या पुढे, तीही. तिसरी खेडच्या शिवेवरची. तिथे डांबर काढलं, सोलिंग काढलं, कमरेइतकं खणलं. माती लोखंडासारखी घट्ट. पोकळी नव्हती.

साहेब म्हणाले, "असू दे धोंडिबा. तीनांत दोन म्हणजे पुष्कळ झालं." ते मनापासून म्हणाले होते. धोंडिबा खड्ड्यात उतरला, तळ हातानं चाचपला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"चांगल्या रस्त्याला भोक पाडलं मी," तो म्हणाला.

मजूर भरायला पुढे झाले, तर त्यानं त्यांना हात लावू दिला नाही. माती घातली, पाणी मारलं, धुमसानं ठोकली. पुन्हा माती, पुन्हा पाणी. सोलिंगचा एकेक दगड फिरवून फिरवून बसवला. दोन्हीकडे गाड्या पट्टीवरून जात होत्या. साहेब वाट बघून जीपमध्ये जाऊन बसले. मी उन्हात उभा राहिलो. मधेच मी घमेलं उचलायला वाकलो, तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते उचलू दिलं. दिवस कलायला आला तेव्हा त्यानं कंबर सरळ केली, बाजूला झाला, आणि चाकणकडून येणाऱ्या पहिल्या ट्रकला हातानं खूण केली.

"ये रं," तो म्हणाला. "मधनं ये."